चढावर लावलेली गाडी मागे सरकली. गिअरमध्ये ठेवायची की नाही? मदत हवी आहे

नेरुळची

नमस्कार. मदत हवी आहे आणि जरा लवकर हवी आहे, कारण रोज संध्याकाळी मला गाडी त्याच जागी लावावी लागते.

मी नेरुळला राहते, आई बेलापूरला पारसिक हिलवर. ऑफिस सुटलं की तिच्याकडे जाते, औषधं-भाजी देते, तासभर बसते. तिच्या बिल्डिंगमध्ये पाहुण्यांच्या गाड्यांना जागा नाही. त्यामुळे गाडी बाहेर रस्त्यावर, चढाकडे तोंड करून, डाव्या कडेला लावते. गाडी आठ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, साधी पाच गिअरची. मला चालवायला लागून दीडच वर्ष झालं.

गेल्या गुरुवारी दिवसभर पाऊस होता. येताना एके ठिकाणी अर्धं चाक बुडेल एवढ्या पाण्यातून गाडी काढली. वर पोहोचले, हँडब्रेक ओढला, गाडी न्यूट्रलला ठेवून बंद केली आणि उतरले. आई छत्री घेऊन खाली आली होती. डिकीतून तांदळाची दहा किलोची पिशवी काढली, डिकी आपटून बंद केली आणि गाडी हलली. आधी वाटलं भास झाला. मग चाक फिरताना दिसलं. अगदी सावकाश, माणूस चालतो त्याहून हळू. आई गाडीच्या मागेच होती. तिने छत्री टाकली आणि दोन्ही हात डिकीला लावून गाडी थोपवायला उभी राहिली. सत्तरीची बाई! मी ओरडले, तिचा दंड धरून तिला बाजूला ओढलं. गाडी आठ-दहा फूट मागे गेली आणि मागचं चाक गटाराच्या तुटक्या झाकणाला अडून थांबली.

गाडीला ओरखडाही नाही. पण त्याच उतारावर खाली मुलं सायकली चालवतात, त्या दिवशी पावसामुळे नव्हती. तेव्हापासून रात्री झोप लागत नाही.

आता माझा गोंधळ. ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी सांगितलं होतं की गाडी कधीही गिअरमध्ये सोडायची नाही. नवराही तेच म्हणतो, गिअरच्या दातांवर लोड येऊन गिअरबॉक्स खराब होतो. ऑफिसमधली एक मैत्रीण म्हणते पहिल्या गिअरमध्येच ठेव. आईच्या बिल्डिंगचे वॉचमन म्हणतात, मॅडम, दगड लावा. कुणाचं ऐकू? चाकं वळवून ठेवायची असतात असंही ऐकलंय, पण कुठल्या बाजूला? आणि मुख्य म्हणजे, हँडब्रेक ओढलेला असताना गाडी सरकलीच कशी?

घाटवळण

ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. सरकणाऱ्या गाडीला हात लावायचा नाही. आईंना आजच सांगा, वॉचमननाही सांगा. १००० किलोची गाडी आणि दहा मीटरला एक मीटर असा चढ धरला, तर तिला खाली ओढणारा जोर साधारण १०० किलो वजनाएवढा होतो. हा गाडी जागेवर असतानाचा हिशेब. एकदा हलली की थोपवायला त्याहून जास्त जोर लागतो, आणि आपले पाय ओल्या डांबरावर असतात. बाजूला व्हायचं आणि खाली जे असतील त्यांना ओरडून सावध करायचं, एवढंच माणसाच्या हातात आहे. गाडीचं काय व्हायचं ते होऊ दे.

आता गिअर. तुमची मैत्रीण बरोबर आहे. चढाकडे तोंड असेल तर पहिला, उताराकडे तोंड असेल तर रिव्हर्स. इंजिन बंद असताना गाडी गिअरमध्ये असली की चाकाला हलण्यासाठी अख्खं इंजिन फिरवावं लागतं, आतल्या हवेच्या दाबासकट. खालच्या गिअरमध्ये हे सगळ्यात जड जातं, म्हणून पहिला किंवा रिव्हर्स. चौथ्या-पाचव्यात ठेवून फारसा उपयोग नाही. दातांवर लोड येतो हे खरं, पण पहिल्या गिअरमध्ये भरलेली गाडी चढवताना तेच दात याहून कितीतरी जास्त जोर सोसतात. उभ्या गाडीने गिअरबॉक्स जात नाही.

पाचपाखाडी

थोडी असहमती. रिव्हर्स बऱ्याच गाड्यांत पहिल्याइतकाच किंवा त्याहून जड असतो, मग चढ असो की उतार, कायम रिव्हर्स का नको? मी वीस वर्षं तेच करतोय.

बाकी, गाडी सरकू नये अशी सोय करून मगच सोडायची हे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२६ मध्येच आहे. चालक जागेवर नसेल तर इंजिन बंद हवं आणि ब्रेक लावलेला किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी दुसरी तजवीज केलेली हवी. म्हणजे हा नुसता सवयीचा किंवा आवडीचा प्रश्न नाही.

घाटवळण

@पाचपाखाडी, धरून ठेवण्यापुरतं तुमचं म्हणणं चूक नाही. पण दुसऱ्या दिवशी घाईत कुणी क्लच न दाबता किल्ली फिरवली तर गाडी ज्या गिअरमध्ये आहे त्या दिशेला झेप घेते. ती झेप चढाच्या दिशेला असलेली बरी, कारण तिकडे ती लगेच दमते. चढाकडे तोंड करून रिव्हर्समध्ये ठेवलेली गाडी उताराच्याच दिशेला उडी मारणार. दीड वर्ष चालवणाऱ्या माणसाला मी तरी पहिला गिअरच सांगेन.

जुना फिटर

ताई, मी ठाण्यात गॅरेजमध्ये एकोणीस वर्षं काम केलं, आता बंद केलं. तुमची गाडी का सरकली ते लिहितो.

आठ वर्षांची साधी हॅचबॅक म्हणजे मागच्या चाकांना बहुधा ड्रम ब्रेक. हँडब्रेक फक्त मागची दोन चाकं धरतो, तोही केबलने. केबल वर्षानुवर्षं ताणून सैल होते, लायनर (ड्रमला आतून घासून चाक धरणाऱ्या पट्ट्या) झिजतात, मग दांडा वर येतो पण खाली पकड पुरेशी बसत नाही. त्यात तुम्ही पाण्यातून आलात. ड्रममध्ये पाणी गेलं की लायनर ओले होतात आणि पकड आणखी कमी होते. म्हणजे गाडी कशीबशी धरलेली होती. डिकी आपटल्याचा धक्का तेवढा निमित्त झाला.

तिसरी गोष्ट अंदाजाने विचारतो. दांडा ओढताना पायाचा ब्रेक पूर्ण दाबलेला होता का? पुष्कळ जण गाडी थांबली की पाय सैल करतात आणि दांडा अर्धा ओढून उतरतात.

घरी एवढं बघा. सपाट जागी दांडा सावकाश ओढा आणि टकटक मोजा. बऱ्याच गाड्यांत पाच ते आठच्या दरम्यान घट्ट व्हायला हवा, तुमच्या गाडीच्या पुस्तकात नेमका आकडा असतो. दहाच्या पुढे जात असेल तर केबल ॲडजस्ट करून घ्या. मात्र नुसती केबल ताणून देणाऱ्याकडे जाऊ नका, ड्रम उघडून लायनर बघायला सांगा. लायनर संपले असताना केबल ताणली तर महिन्याभरात पुन्हा तेच.

आणि पाण्यातून बाहेर पडल्यावर मागे कुणी नाही बघून, हळू वेगात पायाचा ब्रेक चार-पाच वेळा हलका दाबत चला. घासून गरम होतो, लायनर सुकतात. ठाणे-नवी मुंबईत पावसाळ्याचे चार महिने ही सवय हवीच.

नेरुळची

फिटरदादा, तुमचा अंदाज बरोबर आहे. मी गाडी थांबल्यावर एका हाताने दांडा ओढते आणि त्याच वेळी पाय काढते. आत्ता खाली जाऊन मोजलं, अकरा टक. उद्याच दाखवते.

घाटवळण, आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "अगं, हात आपोआप गेला." तिला तीन वेळा बजावलं.

चाकं कुठे वळवायची ते कुणी सांगेल का? त्या रस्त्याला काही ठिकाणी फूटपाथ आहे, काही ठिकाणी नुसतं गटार.

एसटीतला

मी एसटीत चालक होतो, निवृत्त झालो. कसारा आणि माळशेज, दोन्ही घाट पुष्कळ केले. पोरी, क्रम सांगतो तो पाठ कर.

जागेवर येताना गाडी हळू असतानाच स्टिअरिंग वळवून घ्यायचं, उभ्या गाडीत जोर लावून फिरवायचं नाही. पायाचा ब्रेक पूर्ण दाबून ठेवायचा. क्लच दाबून न्यूट्रल. हँडब्रेक पूर्ण ओढायचा. आता पायाचा ब्रेक एकदम नाही, सावकाश सोडायचा आणि दोन श्वास थांबायचं. गाडीचं सगळं वजन हँडब्रेकवर येऊ द्यायचं. तसूभर जरी मागे आली तरी ब्रेक दाबायचा आणि ती जागा सोडायची, कारण तो हँडब्रेक त्या चढाला पुरत नाही. थांबली तर पुन्हा ब्रेक दाबून इंजिन बंद, क्लच दाबून पहिला गिअर, मग क्लच सोडायचा, शेवटी ब्रेक. किल्ली काढायची.

हे मधलं दोन श्वास थांबणं सगळे विसरतात. थेट गिअर टाकून उतरलं की वजन गिअरवर जातं आणि हँडब्रेक सैल आहे हे महिनोन्‌महिने कळतच नाही. नुसत्या गिअरवर गाडी कायम राहत नाही. इंजिनातला दाब हळूहळू निसटतो आणि जुनी गाडी बोट-बोट करत सरकते. गिअर पाहिजे, हँडब्रेक पण पाहिजे.

चाकाचं असं. आपण डाव्या बाजूला गाडी लावतो. चढाकडे तोंड आणि डावीकडे फूटपाथची उंच कड असेल तर स्टिअरिंग उजवीकडे. गाडी मागे आलीच तर पुढच्या डाव्या चाकाची मागची बाजू कडेला टेकते आणि अडते. उताराकडे तोंड असेल तर स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे चाक पुढूनच कडेला टेकतं. कड नसेल तर चढ असो, उतार असो, स्टिअरिंग डावीकडेच. गाडी सुटली तरी रस्त्याच्या मधे न जाता कडेला जाते. मात्र त्या कडेला दरी असेल, पायऱ्या असतील किंवा माणसं बसत असतील, तर तिथे गाडी लावायचीच नाही. गटारात चाक गेलं तर क्रेन आणता येते.

वॉचमन बरोबर बोलला. पण दगड नको. दगड गोल असतो, ओला झाला की सटकतो, आणि लोक तो रस्त्यात टाकून निघून जातात. रात्री दुचाकीवाला त्यावर आपटतो. लाकडी पाचर घे, सुताराकडे कापून मिळते. चढाकडे तोंड असेल तर मागच्या चाकाच्या मागे, घट्ट भिडवून.

येऊरच्या पायथ्याशी

छान धागा. माझ्याकडून दोनच गोष्टी. चढावर उभ्या गाडीत लहान मुलांना एकटं ठेवू नका. दांडा खाली करायला किंवा गिअर न्यूट्रलला ओढायला त्यांना एक क्षण पुरतो. आणि नव्या गाड्यांमधल्या हिल होल्डवर विसंबून कुणी उतरू नये. ते निघताना ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर पाय नेईपर्यंत दोन-तीन सेकंद गाडी धरतं, त्याचा पार्किंगशी संबंध नाही.

एक विचारायचं होतं. पावसाळ्यात गावी पंधरा-वीस दिवस जाताना हँडब्रेक लावून ठेवला की मागची चाकं जाम होतात. तेव्हा काय करावं?

जुना फिटर

ओल्या ड्रमला लायनर गंजाने चिकटतात. तेव्हा सपाट जागा शोधा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दोन्ही बाजूंनी पाचर लावा आणि हँडब्रेक सोडा. हे फक्त सपाट जागेसाठी. उतारावर हँडब्रेक सोडायचा नाही, जाम झाला तर झाला.

नेरुळची

तीन दिवसांनी लिहितेय. ड्रम उघडले. डाव्या चाकाचे लायनर जवळजवळ संपले होते, उजव्याचे अर्धे. दोन्हीकडे नवीन टाकले, केबल ॲडजस्ट केली, आता सहा टकांत दांडा घट्ट होतो.

काल रविवारी सकाळी रस्ता रिकामा असताना नवऱ्याला शेजारी बसवून एसटीतल्या काकांचा क्रम दहा वेळा केला. दोन श्वास थांबायला सुरुवातीला फार भीती वाटत होती, पाय ब्रेकवरच धरून होते. गाडी जागची हलली नाही. गिअरबद्दल नवऱ्याला घाटवळण यांचं उत्तर वाचून दाखवलं. तो म्हणाला, चढवताना तेच दात ओढतात हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. आता त्याचीही गाडी गिअरमध्ये असते.

गाडी लावायची जागाही बदलली. आईच्या गेटसमोर गटार आहे, तिथे आता लावत नाही. थोडं खाली फूटपाथला चांगली उंच कड आहे, तिथे लावते आणि चालत वर जाते. आईला मात्र गाडीच्या मागे उभं राहू देत नाही, पिशव्या उतरवताना ती फूटपाथवर असते.

पाचर करून घेतली आहे. काका, एकच शंका. घाईत पाचर काढायची विसरले तर?

एसटीतला

पाचरीला भोक पाडून दोरी ओव. दुसरं टोक ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलला बांध. दार उघडायला गेलीस की दोरी हातात येते. काढतानाही पद्धत आहे. आधी गाडीत बसून ब्रेक दाबायचा, गाडी चालू करून पहिल्या गिअरमध्ये केसभर पुढे घ्यायची म्हणजे पाचर मोकळी होते, मग हँडब्रेक ओढून दारातूनच दोरीने पाचर आत ओढायची. चाकाच्या मागे वाकून हात घालायचा नाही.

नेरुळची

दोरी बांधली. लाल घेतली, अंधारातही दिसेल अशी. आज संध्याकाळी अशीच लावून आले.