अनुभव धागा : फसलेला फोटो आणि त्या दिवशीचं जेवण

परवा आमच्याकडे वडाभात होता. भातावर वडे कुस्करून झाले, आईनं हिंग-मोहरी-लाल मिरचीची कडकडीत फोडणी वरून ओतली आणि मी मोबाइल घेऊन ताटावर वाकलो. चर्र झालं, वाफ उठली ती थेट कॅमेऱ्याच्या काचेवर. फोटोत पौषातलं धुकं आलं. काच पुसून पुन्हा नेम धरेस्तोवर आबाजींचं अर्धं ताट झालं होतं. म्हणाले, "फोटोनं पोट भरते काय बे?"

चांगले फोटो तर सगळेच दाखवतात. इथे फसलेले सांगा. काय रांधलं होतं, फोटो कसा गेला आणि घरचे काय बोलले. वऱ्हाड असो की पूर्व विदर्भातली झाडीपट्टी, पण खेड्यातलं हवं. हॉटेलातल्या प्लेटा नकोत.

दर्यापूर तालुक्यातून

आमचा फसलेला फोटो एक नाही, पूर्ण रोल आहे. साल 1996, हिवाळा, कापसाची दुसरी वेचणी झालेली. वावरात रोडगे ठरले. काकांनी नवाच कॅमेरा घेतला होता, त्यात 36 फोटोंचा रंगीत रोल भरला होता आणि आठ दिवस आधीपासून कॅमेऱ्याला कोणी हात लावायचा नाही असा हुकूम होता.

ज्यांनी रोडगे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. गव्हाचं जाडसर पीठ घट्ट भिजवायचं, त्याच्या पाच-सहा पाऱ्या तेलाचा हात लावून एकात एक गुंडाळायच्या आणि वरून बंद करून मोठा गोळा करायचा. गोवऱ्या पेटवून धूर बसला, लाल निखारा झाला की त्यात ते गोळे सोडायचे. आमच्याकडे हे काम माणसांचं. आजोबा काठीनं एकेक गोळा फिरवायचे, मग पोत्याच्या फडक्यात घेऊन राख झाडायचे. हातानं फोडला की आतले पदर पाकळ्यांसारखे सुटतात आणि त्यात तूप ओततात. सोबत वरण आणि निंबाखाली मोठ्या गंजात शिजलेली वांगं-आलूची भाजी, वर बोटभर तर्री.

काकांनी सगळं टिपलं. निखारा, राख, बंडीवर (बैलगाडीवर) बसलेली पोरं, आजीला रोडगा फोडायला लावून दोनदा. आकडा 36 वर गेला तरी कॅमेरा चालूच. एखाद-दुसरा फोटो जास्तीचा मिळतोच, त्यामुळे सगळे खूश. 38 झाले, 40 झाले. 41 ला माझे वडील म्हणाले, "अरे, हा रोल हाय का द्रौपदीची थाळी?"

तालुक्याच्या स्टुडिओत रोल धुतला तर कोरा. रोलचं टोक दात्यांत बसलंच नव्हतं. आकडा पुढे सरकत होता, रोल जागच्या जागी. पुढे मी स्वतः कॅमेरा वापरायला लागले तेव्हा कळलं की पुढचा फोटो भरताना डावीकडची रोल गुंडाळायची चकती आपोआप फिरली पाहिजे. ती फिरत नसेल तर रोल अडकलाच नाही असं समजायचं. एवढं बघितलं असतं तर काकांची इतकी वर्षं सुटका झाली असती. आजही लग्नाकार्यात कोणी फोटोला उभं केलं की एकजण हटकून ओरडतो, "चकती फिरली का?"

भांडण मात्र वेगळंच उरलंय. आत्या म्हणते, त्या दिवशी तिनं हिरवं लुगडं नेसलं होतं. आई म्हणते, ते लुगडं पुढच्या अक्षय तृतीयेला घेतलं. पुरावा कोणाकडेच नाही.

चंद्रपूर जिल्हा, मूलकडून

मे महिना, कुरडयांचा दिवस. गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून, गाळून चीक काढलेला. तो शिजवताना हात थांबला की गुठळ्या. मी ढवळत होते. यांना म्हटलं, माझा एक फोटो घ्या. यांनी तीन घेतले, मी तिन्ही वेळा वर पाहिलं. व्हायचं तेच झालं.

मग स्लॅबवर गेलो. सोऱ्यातून कुरडया पडताहेत, खाली प्लास्टिक, वर ऊन. मोबाइल दहा मिनिटं तिथेच ठेवला तर फार तापला म्हणून बंद. सासूबाईंनी तो उचलला, फडक्यात गुंडाळला आणि माठाखालच्या ओल्या रेतीवर ठेवला. चालू झाला हो! (तुम्ही करू नका. आमचं नशीब.) गुठळ्यांचा चीक पोरांनी साखर घालून खाल्ला.

साकोलीकडून

वाफेवाल्या दादांसाठी. वाटीवर वाकायचं नाही, हातभर लांब आणि बाजूनं धरायचं. हिवाळ्यात मोबाइल थंडगार असतो, आधी थोडा वेळ चुलीजवळ (चुलीवर नव्हे) असू द्या, मग काचेवर वाफ जमत नाही. आणि वाफ दिसायला हवी तर उजेड तिच्या मागून तिरपा यावा, पाठीशी काहीतरी काळं असावं. आमच्या रांधणीत चुलीमागची भिंत धुरानं आयती काळी आहे. इतकी वर्षं ती सारवत होते, आता तेवढा कोपरा सोडते.

जाळाचा फोटो काढताना पडद्यावर जाळावरच बोट दाबून धरा. उजेड तिथे बांधला जातो, मग बोट खाली ओढून थोडा कमी करा. नाहीतर जाळाचा पांढरा डाग होतो आणि माणूस काळा.

माझा फसलेला : मंडईला (आमच्याकडची गावजत्रा, बाजार नव्हे) पाहुणे आले होते, वैनगंगेच्या मासोळीचा रस्सा केला होता. फ्लॅश मारला. वरच्या तेलात असा चमकला की मासोळी दिसेना, पुनवेचा चंद्र दिसला. तेलाला फ्लॅश लावूच नये.

पुसदकडून

बाबांचं आणि बैलांचं नातं सांगत बसत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी झाली, लोणी-हळदीनं खांदे चोळले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" झालं. दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग, बेगड, नवे गोंडे. आईनं पुरणपोळ्या केल्या, पहिल्या दोन बैलांच्या.

मी पुण्याहून नवा मोबाइल घेऊन गेलो होतो. त्यात मागचं धूसर करायची सोय. बाबा मधे, दोन्ही बाजूंना बैल, बाबांचा चेहरा असा काही उठावदार आला की मी लगेच मोठी प्रत काढून फ्रेम करून आणली. बाबांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं.

"शिंगं कुठं गेले?"

मोबाइलनं शिंगांची टोकं मागच्या आभाळात जमा करून पुसून टाकली होती. उजव्या बैलाचं तर अर्धं शिंगच नाही. मी म्हटलं, बाबा, तुमचा चेहरा बघा ना किती छान आलाय. ते म्हणाले, "माहा चेहरा रोजचाच हाय. शिंगं दोन घंटे रंगवले."

फ्रेम भिंतीवर आहे. पुढच्या पोळ्याला साधाच फोटो काढला, तो त्यांनी पाकिटात ठेवलाय.

काटोलकडून

सांबारवडी केली. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, बाहेरच्यांना हे दर वेळी सांगावं लागतं. सांबार, खोबरं, खसखस, तिखट, वरून पातळ पारी, तेलात खरपूस. मधोमध कापून हिरवं सारण दिसेल असा फोटो काढला, चांगला निघाला. मग घरच्या ग्रुपवर टाकला आणि तिथे फसला. नणंद विचारते, "स्प्रिंग रोल का गं?" चुलतदीर, "तेल लई दिसून राह्यलं." मामेसासरे, "आमच्यावेळी खोबरं जास्त राहे." सासूबाई शेजारीच सोफ्यावर. म्हणाल्या, "सूनबाई, त्यायले म्हणा बोटं कमी चालवा अन् या खायाले." नणंद रविवारी खरंच आली. आठ खाल्ल्या, फोटो एकही काढला नाही.

धागा काढणारा

साकोलीच्या ताई, तुमचं ऐकून काल गोळाभात असताना ताट बाजूला ओढलं, खिडकी मागे घेतली, पाठीशी आईचं काळं लोखंडी कढईचं झाकण उभं केलं. फोडणीच्या वेळी आबाजी माझ्याकडेच बघत होते. म्हणाले, "आज माह्या ताटाचा नको काहाडू. तुह्या ताटाचा काहाड."

वाफ दिसते आहे. भात थंड खाल्ला.