मदत हवी आहे: 31 नंतरच्या 1 तारखेला गाडी पी-1 बाजूला, तरी नो पार्किंगचं चलन

शेवंती
नमस्कार. सम-विषम पार्किंगच्या रस्त्यावर आलेलं ई-चलन चुकीचं वाटतंय. रीतसर हरकत कशी घ्यायची, याची माहिती हवी आहे. शहराचं नाव देत नाही, महाराष्ट्रातलं आहे.

रस्त्याच्या एका बाजूला पी-1 (विषम तारखेला पार्किंग) चा फलक, समोर पी-2 (सम तारखेला). चारचाकी 31 तारखेला संध्याकाळी पी-1 बाजूला लावलेली. 1 तारखेला सकाळी 9:20 चं चलन, गुन्हा 'नो पार्किंग', दंड 500 रुपये. फोटोत गाडीची मागची बाजू, नंबरप्लेट आणि एका बंद दुकानाचं शटर दिसतं. फलक फोटोत कुठेच नाही.

अर्जात हे मुद्दे घ्यायचं ठरवलं आहे: 1 तारीख विषम होती, फलकावर फांदी आली आहे, पुढेमागे पाचसहा गाड्या उभ्या होत्या, आणि दहा मिनिटांत गाडी काढायचीच होती. आधी दंड भरून मग तक्रार करावी का? तक्रार नेमकी कुठे करायची?

कोपरा
दंड आत्ता भरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 प्रमाणे दंड भरणं म्हणजे तडजोड. प्रकरण तिथेच मिटतं आणि परतावा मागायला हातात काही उरत नाही. तक्रार आधी.

कागदपत्र
मुद्दा भक्कम आहे. पी-1 म्हणजे विषम तारखेला पार्किंग, पी-2 म्हणजे सम तारखेला. रोज बाजू बदलते असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, पण 31 नंतर 1 येते तेव्हा सलग दोन विषम तारखा पडतात आणि बाजू बदलत नाही. जानेवारी, मार्च, मे, जुलै, ऑगस्ट, ऑक्टोबर, डिसेंबर या सात महिन्यांच्या शेवटी हे होतं. लीप वर्षात 29 फेब्रुवारी आणि 1 मार्चलाही तेच. 'काल इकडे होत्या, म्हणजे आज तिकडे हव्यात' एवढ्या हिशोबावर चलन फाडलं गेलं असेल, तर ते टिकायला नको.

पण तुमच्या चारपैकी तीन मुद्दे काढून टाका. बाकीच्या गाड्यांना चलन झालं की नाही, याने तुमचं चलन बरोबर किंवा चूक ठरत नाही. 'दहा मिनिटांत काढणार होतो' हे तर अर्धी कबुली दिल्यासारखं वाचलं जातं. आणि फांदीचा मुद्दा उलटा अंगावर येईल. फलक वाचून विषम बाजूला गाडी लावली असं एकीकडे म्हणायचं आणि फलक दिसत नव्हता असंही म्हणायचं, हे एकाच अर्जात बसत नाही. अर्ज वाचणारा नेमकं तिथेच बोट ठेवतो. तारखेचा एकच मुद्दा ठेवा.

अर्जाआधी जागेवर जाऊन तीन गोष्टी बघा. पहिली, फलकाखालचा बाण. पी-1 ची हद्द बाणाच्या दिशेने असते आणि पुढच्या फलकाशी संपते. गाडी त्या हद्दीत होती हे दिसायला हवं. दुसरी, ती जागा बसथांबा, झेब्रा क्रॉसिंग, फुटपाथ किंवा कुणाच्या फाटकासमोरची तर नव्हती ना. तिथे पी-1 असलं तरी गाडी लावता येत नाही, त्यासाठी वेगळा फलक लागत नाही. तसं असेल तर तारखेचा मुद्दा लंगडा पडतो. तिसरी, चलनावर कलम कोणतं आहे. कलम 122 म्हणजे अडथळा किंवा धोका होईल अशी गाडी उभी करणं, 119 म्हणजे फलकाचं उल्लंघन. दंड दोन्हींत 177 खाली लागतो, पहिल्या वेळी 500 आणि पुन्हा झाल्यास 1500, पण उत्तर दोन्हींचं वेगळं. 122 असेल तर अडथळा होत नव्हता हे फोटोतून दाखवावं लागेल: उरलेल्या रस्त्याची रुंदी, आणि गाडी कडेला समांतर होती का.

सोनचाफा
फोटोंबद्दल थोडं. तुमचा पुरावा त्या शटरमध्ये आहे. शटरवर दुकानाचं नाव, रंगाचा पट्टा, पोचा, काहीतरी ओळखीचं असेलच. तेच शटर आणि पी-1 चा फलक एकाच चौकटीत येईल असा फोटो काढा. एकात मावत नसेल तर शटरपासून फलकापर्यंत न थांबता चालत व्हिडिओ घ्या. म्हणजे त्यांच्याच फोटोतली जागा पी-1 मध्ये येते हे आपोआप सिद्ध होतं. फांदी छाटली जायच्या किंवा फलक बदलायच्या आत हे करा.

फोटो व्हॉट्सॲपवरून फिरवू नका. साधा पाठवला की तो दाबला जातो आणि आतली तारीख-वेळ निघून जाते. मूळ फाइल जपून ठेवा. पाठवायचीच वेळ आली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

चलनाच्या फोटोवरची वेळ आणि चलन तयार झाल्याची वेळ, दोन्ही बघा. स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून नंतर सवडीने चलन टाकण्याचे प्रकार होत होते, म्हणूनच जुलै 2025 मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठांनी खाजगी मोबाइल वापरायला मनाई करणारं परिपत्रक काढलं. तुमच्या फोटोवरची तारीख 30 निघाली तर सगळंच बदलेल, तेव्हा आधी खात्री करा.

शेवंती
तिघांचेही आभार. कलम 122/177 आहे. फोटोवर 1 तारीख, 9:14 अशी वेळ आहे. बसथांबा किंवा फाटक नाही. फलक आणि शटर एका फोटोत येतात. आता अर्ज कुठे आणि कसा?

कागदपत्र
दोन्हीकडे करा. राज्याच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकले की चलन आणि फोटो उघडतात. तक्रारीची सोय तिथेही आहे आणि महाट्रॅफिक ॲपवरही. तक्रार नोंदवल्यावर येणारा क्रमांक आणि ते पान, दोन्ही स्क्रीनशॉट करून ठेवा. मेसेजमधल्या लिंकवरून जाऊ नका. चलनाच्या नावाने ॲप उतरवायला लावणारे खोटे मेसेज खूप फिरतात.

दुसरा अर्ज कागदावर, ज्या वाहतूक विभागाच्या हद्दीत चलन झालं तिथे. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती परत आणा. पोहोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं धरलं जातं.

मजकूर एवढाच पुरे:

'वाहन क्र. ___, चलन क्र. ___. सदर वाहन ___ रस्त्यावर पी-1 (विषम तारखेस पार्किंग) हद्दीत उभे होते. चलनातील छायाचित्राची तारीख 1 असून ती विषम आहे. आदल्या दिवशी 31 तारीख असल्याने सलग दोन्ही दिवस याच बाजूस पार्किंगला परवानगी होती. छायाचित्रातील दुकान आणि पी-1 फलक एकत्र दिसणारे छायाचित्र सोबत जोडले आहे. वाहन रस्त्याच्या कडेस समांतर असून वाहतुकीस अडथळा नव्हता. तरी चलन रद्द करावे, ही विनंती.'

पोलिसांवर आरोप नको, विशेषणं नकोत. वाचणाऱ्याला कॅलेंडर आणि फोटो शेजारी ठेवून अर्ध्या मिनिटात निर्णय घेता आला पाहिजे.

नदीकाठ
केंद्रीय मोटार वाहन नियम 167-अ मध्ये, गुन्ह्यापासून 15 दिवसांत नोटीस पाठवली पाहिजे असं आहे. त्यावरूनही चलन उडतं ना?

कागदपत्र
तो नियम इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी नोंदवलेल्या गुन्ह्यांबद्दल आहे. स्पष्ट फोटो, जागा, वेळ आणि कलम द्यायलाच हवं, हेही त्यातच येतं. पण मेसेज त्याच आठवड्यात आला असेल तर 15 दिवसांचा मुद्दा इथे लागूच होत नाही, आणि नुसत्या त्यावर विसंबणंही धोक्याचं. जादाचा मुद्दा म्हणून ठीक.

कोपरा
तक्रार फेटाळली गेली तरी तडजोड करायची सक्ती नाही, प्रकरण न्यायालयात लढवता येतं. व्हर्च्युअल कोर्टात (ई-चलनांसाठीचं ऑनलाइन न्यायालय) गेलं असेल तर तिथे दंड भरणं किंवा लढवणं असे दोन पर्याय येतात; लढवणं निवडलं की ते नियमित न्यायालयाकडे जातं. मधेच लोकअदालतीची नोटीस आली तर गडबडू नका. तिथे रक्कम कमी होऊ शकते, पण चूक कोणाची यावर निवाडा होत नाही आणि तडजोडीवर अपीलही नाही. चलन रद्दच हवं असेल तर ती जागा नव्हे. मात्र नोटिशीकडे दुर्लक्षही नको, तारखेला हजर राहून 'तडजोड मान्य नाही' एवढं सांगा.

शेवंती
त्या रस्त्याचा पी-1/पी-2 चा मूळ आदेश मिळवता येईल का?

सोनचाफा
येतो. असे आदेश वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त मोटार वाहन कायद्याच्या कलम 115, 116 आणि 117 खाली काढतात. माहिती अधिकारात वाहतूक शाखेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा, शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्रात अर्जाला एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून चलनाची तक्रार त्यात घुसडू नका. एवढंच मागा: अमुक रस्त्यावर अमुक ठिकाणापासून अमुक ठिकाणापर्यंतच्या सम-विषम पार्किंग आदेशाची प्रत, आणि तो नंतर बदलला असल्यास त्या बदलाची प्रत. आदेशात हद्द 'अमुक चौक ते अमुक दुकान' अशी लिहिलेली असते. तुमचं शटर त्या दोन टोकांच्या मधे येतं का, ते पाहून मगच प्रत अर्जाला जोडा.