परसातील शेडच्या डीबीसाठी केबल आणि अर्थिंग: मदत हवी आहे

नागपुरात मानेवाडा भागातील आमच्या घराच्या परसात सुतारकामाची शेड बांधली असून, घरातील सिंगल फेज मेन बोर्डावरून तिथे छोटा डीबी (वीज वाटपाचा बोर्ड) बसवायचा आहे. अंतर सुमारे ३० मीटर आहे. रंधा मशीन, कूलर आणि दिवे मिळून भार २० अँपिअरच्या आत राहील. ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये एवढ्या भाराला जेमतेम ४ व्होल्टची घट येते, पण आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात केबलची क्षमता कमी धरावी लागते, तेव्हा १० चौरस मिलिमीटर घ्यावी का?

खरी चिंता अर्थिंगची आहे. वायरमन म्हणतात की शेडच्या डीबीत न्यूट्रल आणि अर्थ जोडले की वेगळी अर्थ वायर नको. हे मला अजिबात मान्य नाही, कारण न्यूट्रल मध्येच तुटला तर मशीनच्या लोखंडी अंगावर थेट वीज येईल. मी तीन कोअरची (तीन तारांची) आर्मर्ड, म्हणजे धातूचे कवच असलेली केबल जमिनीतून नेऊन शेडच्या डीबीत न्यूट्रल आणि अर्थचे बार (तारा जोडायच्या पट्ट्या) वेगळे ठेवणार आहे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवणार आहे.

शेडजवळ स्वतंत्र अर्थ पिट (अर्थिंगचा खड्डा) घ्यावा का, हे मात्र ठरत नाही. आमची जमीन काळ्या मातीची; मे महिन्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत कोणती अर्थिंग टिकली, ऐन उन्हाळ्यात तिचा रोध किती भरला आणि केबलला ताण बसू नये म्हणून चरात वाळू किती घातली, हे ज्यांनी असे काम करून घेतले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.