सेल्फ मारला, गाडी उचलेना: तुमच्या गाडीचं निदान कसं झालं?

गाडी सुरू झाली नाही की सोसायटीतली निम्मी माणसं बॉनेटभोवती जमतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "बॅटरी गेली." कधी कधी ती खरंच गेलेली असते. पण नवी बॅटरी टाकूनही पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा तशीच उभी, हे इतक्यांकडून ऐकलंय की म्हटलं, सगळ्यांचे किस्से एकदा एका जागी येऊ देत. लिहिताना एवढंच पाळा: किल्ली फिरवल्यावर आवाज काय आला, संशय कुणावर होता आणि निघालं काय. "मेकॅनिक आला, काहीतरी केलं आणि झाली सुरू" यातून कुणालाच काही कळत नाही.

माझा ढोबळ हिशेब असा. आवाजच नाही आणि डॅशबोर्डही अंधारात, तर बॅटरी किंवा टर्मिनल (बॅटरीवरचे वायरचे जोड). दिवे लागतात पण भराभर टकटकटक, तर बॅटरी उतरलीय किंवा जोड सैल आहे. एकच खणखणीत 'टक्' आणि पुढे शांतता, तर स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) किंवा त्याची वायर. इंजिन छान फिरतंय पण पकडत नाही, तर बॅटरीचा पिच्छा सोडा.

माझाच किस्सा पहिला. पुणे, दहा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. सकाळी एकच 'टक्'. गॅरेजवाल्याने फोनवरच स्टार्टर बदलायचा निकाल दिला. घरात मल्टिमीटर होता. बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. दादाला सेल्फ मारायला सांगितलं, तरी काटा १२ च्या खाली येईना. हे विचित्र होतं, कारण स्टार्टर करंट ओढायला लागला की बॅटरीचा व्होल्टेज खाली यायलाच हवा. दहाच्या आसपास आला तरी चालतं. इथे पुरेसा करंट वाहतच नव्हता. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी थेट इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवली आणि पुन्हा सेल्फ. तिथे तीनाच्या वर व्होल्ट दिसले. अर्ध्याच्या आत दिसायला हवे होते, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतायची वाट अडली होती. इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टी बोल्टखाली हिरवी पडून नुसती टेकलेली होती. पॉलिश पेपरने घासली, नट आवळला, गाडी पहिल्या झटक्यात. स्टार्टर आजही तोच आहे.

डोंबिवली, सीएनजी
आमचं उलट. इंजिन जोरात फिरायचं, पकडायचं मात्र नाही. बाबा म्हणाले, किल्ली नुसती ऑन कर आणि मागच्या सीटला कान लाव. एरवी तिथून दोन-तीन सेकंद 'हूंऽऽ' असा टाकीतल्या पेट्रोलच्या पंपाचा आवाज येतो. तो गायब. फ्यूज शाबूत होता. रिले (पंपाला वीज सोडणारा स्विच) तपासायला हॉर्नचा रिले काढून तिथे लावला (दोन्हींवर नंबर एकच असेल तरच करा), तरी आवाज नाही. म्हणजे पंपच गेलेला. आमची गाडी पेट्रोलवर सुरू होऊन मग सीएनजीवर जाते, आणि आम्ही पेट्रोलचा काटा कायम तळाला ठेवायचो. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असला तरच थंड राहतो. सीएनजीत वाचवलेले पैसे असे निघाले. आता पाव टाकी तरी असतेच.

नाशिक, निवृत्त
तुमचे सेन्सर-बिन्सर आमच्या वेळी नव्हते. प्रीमिअर पद्मिनी, मे महिना, कसारा घाट, गाडीत सहा माणसं आणि आंब्याच्या पेट्या. चढावर गाडी बंद पडली आणि पुन्हा उचलेना. बॉनेटमधल्या उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पंपात अडकायची, मग कार्ब्युरेटरला थेंब मिळायचा नाही. सौ.ने पंचा ओला करून दिला, तो पंपावर गुंडाळला, पन्हं पिऊन होईपर्यंत थांबलो, गाडी सुरू. घाटात अशा गाड्यांची रांगच असायची.

मुंबई, कलिना
२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी माझी गाडी बिल्डिंगखाली बॉनेटपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर शेजारी आपापल्या गाड्यांना सेल्फ मारून बघत होते. माझे काका फिटर होते. त्यांनी पहिली बॅटरीची वायर काढली आणि किल्ली खिशात घातली. नंतर चारही स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवलं, तर प्लगच्या भोकांतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडाल्या. पाणी दाबलं जात नाही. प्लग जागेवर असताना सेल्फ मारला असता तर पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकला असता. ऑइल दोनदा बदलावं लागलं, पण इंजिन वाचलं. शेजारच्या एकाचं उघडावं लागलं. पाण्यातून काढलेली गाडी 'बघू तरी' म्हणून सुरू करू नका, टो करून न्या.

कोल्हापूर, ऑटो इलेक्ट्रिशियन
पावसाळ्यात आमच्याकडं निम्मं काम उंदरांचं. गाडी आठ दिवस उभी राहिली की वायरिंग कुरतडलंच म्हणून समजा. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, सगळं ठेवून बघतात लोक. माझं मत विचाराल तर गाडी रोज हलवणं एवढाच उपाय चालतो. जंपर (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करायच्या वायरी) लावताना लाल-लाल आधी, मग काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडाला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. तोंडावर बॅटरी फुटलेला माणूस मी बघितलाय. आणि ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारू नका राव, नाही उचलत ती.

विनिपेग, कॅनडा
इथे उणे ३० ला बॅटरीची ताकद निम्म्याहून कमी उरते आणि ऑइल घट्ट होतं, त्यामुळे सेल्फ 'ऊंऽ... ऊंऽ' असा रडतो. गाड्यांच्या पुढून प्लग लोंबताना दिसतात, तो इंजिन गरम ठेवायचा ब्लॉक हीटर. रात्री पार्किंगमधल्या सॉकेटला लावायचा. सकाळी गाडी उठली नाही तर आधी एवढंच बघतो की प्लग रात्रभर लागलेला होता ना. पार्किंगचा ब्रेकर उडालेला असतो बऱ्याचदा.

नागपूर, ईव्ही
मोठी बॅटरी ८० टक्के, गाडी मेल्यासारखी. दारसुद्धा उघडेना. इलेक्ट्रिक गाडीतही साधी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि तीच उतरली की मोठीचा काही उपयोग नाही. आमचा डॅशकॅम रात्रभर तिच्यावर चालत होता.

सातारा, पेट्रोल सेडान
माझं अजून सुटलेलं नाही. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. हायवेवर तास-दोन तास चालवून चहाला थांबलो की इंजिन फिरतं, पकडत नाही. अर्ध्या तासाने आपोआप ठीक. पंपाचा आवाज येतो. प्लग नवे टाकले. शोरूमवाले म्हणतात, आमच्यासमोर होतच नाही.

कोल्हापूर, ऑटो इलेक्ट्रिशियन
@सातारा, क्रँक सेन्सर वाटतोय, म्हणजे इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा. गरम झाला की सिग्नल सोडतो, थंड झाला की परत येतो, म्हणून शोरूमच्या गार गाडीत सापडणार नाही. पुढच्या वेळी सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडं बघा. बहुतेक गाड्यांत सेन्सर चालू असला तर काटा थोडा तरी उठतो. शून्यावरच चिकटून राहिला तर सेन्सरवर गार पाण्याचं फडकं ठेवून बघा, आणि लगेच उचलली तर इथं सांगा.