चीनहून आणलेलं निळं टाय-डाय: कापडाला बारीक भोकं का आहेत?

नीलिमा_पुणे
नमस्कार मंडळी, भाऊ कामासाठी युन्नानला गेला होता, येताना दालीजवळच्या चौचंग गावातून टेबलक्लॉथ घेऊन आला. गडद निळ्यावर पांढरी फुलपाखरं, इतकं सुंदर आहे की टेबलावर घालायचा जीव होत नाही. पण पांढऱ्या भागात सगळीकडे सुई टोचल्यासारखी भोकं आहेत, डिफेक्टिव्ह पीस दिला का त्याला? शिवाय हाताला निळं लागतं. आई म्हणते मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेव. ठेवू का? आणि ही आपली बांधणीच ना?

धावदोरा
ताई भोकं आहेत म्हणजे खरा माल आहे, काळजी सोडा! मी गेलेय त्या गावात. बाई समाजाचं गाव आहे ते, बाई हे तिथल्या लोकांचं नाव, आणि शिवायचं काम बहुतेक बायकाच करतात, दारात बसून गप्पा मारत. बांधणीत आपण चिमटीत कापड धरून दोरा गुंडाळतो, तिथे मात्र मुख्य काम सुईचं, आधी नक्षी छापून घेतात, मग त्या रेषेवर धावदोरा घालून दोरा करकचून ओढतात, चुण्या इतक्या घट्ट बसतात की आत रंग शिरतच नाही. रंगवून झालं की एकेक टाका उसवायचा. भोकं त्या टाक्यांची, दोन-चार धुण्यात बुजतात. रंगवणं लोक बघतात पण खरे दिवस शिवण्यात जातात हो, एकेका कापडाला कितीतरी दिवस. २००६ मध्ये चीनने आपल्या राष्ट्रीय वारशाच्या पहिल्याच यादीत ही कला घेतली.

कारवी
मीठ नको! नीळ मिठाने किंवा व्हिनेगरने पक्की होत नाही, ती पाण्यात विरघळतच नाही मुळात. पिंपात आंबवून तिचं रूप बदलतात, कापड बाहेर काढलं की आधी हिरवट पिवळं दिसतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं, म्हणून बुडव, हवा दे, परत बुडव असं चालतं. हाताला लागतोय तो वर चिकटून राहिलेला जादा रंग. गार पाण्यात सौम्य साबणाने एकटंच धुवा, पाणी नितळ येईपर्यंत, आणि सावलीत वाळवा.
आणि हो, पारंपरिक नीळ ज्या झाडाच्या पानांची ते स्ट्रोबिलँथिस, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या कारवीचंच भावंड! मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

नीलिमा_पुणे
किती छान सांगितलंत दोघींनी! पण बाजारात छापील पण मिळतं म्हणे, ते कसं ओळखायचं?

धावदोरा
उलटं करून बघा. पिंपात बुडवलेलं दोन्हीकडून सारखंच निळं असतं, छापलेलं मागून फिकं. शिवाय खऱ्यात पांढऱ्याची कड कधी धारदार नसते, निळा हळूहळू विरत जातो आणि दोन फुलपाखरं तंतोतंत सारखी येत नाहीत.

नीलिमा_पुणे
आत्ताच बघितलं, दोन्हीकडून सारखंच निळं आहे! आणि एका फुलपाखराचा डावा पंख जरा मोठा आलाय.