उत्तर: उत्तर: नौपाड्याच्या खोलीची चावी कुणाकडे आहे?

कोपरीची मावशी:
मंडळी, सगळ्यांनाच टाकतेय कारण शनिवारच्या आत उत्तर हवंय. छोटूच्या किडन्या काम करत नाहीत, त्याचं पीडी, म्हणजे पोटातून घरीच करायचं डायलिसिस चालू आहे, त्याच्या बॅगांचे खोके येताहेत, पूर्ण महिन्याचा माल एकदम येतो आणि त्यांच्या घरात आता खरंच जागा नाही. काल जाऊन आले. पलंगाखाली खोके, कपाटावर खोके, गॅसच्या ओट्याखाली पण दोन सरकवलेत, आणि आजी त्यांच्यामध्ये चटई टाकून झोपतात. नौपाड्याच्या खोलीत आपल्या परदेशातल्या मंडळाचं नाटकाचं सामान आहे ते अर्ध्या भिंतीला लावून बाकी जागा त्यांना द्या ना. कोपरीहून पूल ओलांडला की नौपाडा, छोटूचा बाबा ऑफिसातून येताना एकेक खोका आणू शकतो. चावी कुणाकडे आहे तेवढं सांगा.

सांस्कृतिक समिती:
मावशी, चावी माझ्या आईकडे पाचपाखाडीला आहे आणि छोटूसाठी कुणीच नाही म्हणणार नाही, हे आधी सांगते. पण त्या खोलीत पगड्या आहेत, नऊवार शालू आहेत, मखर, लेझीम सगळं आहे, आणि गणपतीच्या आधी तिथूनच इकडे पार्सल निघतं. मागच्या वेळी सामान हलवलं तेव्हा काय झालं ते सगळ्यांना आठवतंय, त्यामुळे यादी केल्याशिवाय कुणी हात लावू नये अशी विनंती. दुसरं म्हणजे खोली तळमजल्याची आहे, पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल येते. औषधं तिथे ठेवलेली चालतील का हे विचारलंय का कुणी?

नेरूळचे काका:
ओलीचा मुद्दा अगदी बरोबर आहे, आणि यावर मी बोलू शकतो कारण हिचं ट्रान्सप्लांट होईपर्यंत पीडी आमच्या घरीच चालायचं. खोके जमिनीला आणि भिंतीला टेकवायचे नाहीत, खाली लाकडी फळ्या टाका, उन्हात नकोत, ओलीत नकोत. मागची भिंत सोडून मधोमध रचले तर चालेल असं मला वाटतं, पण पीडीच्या सिस्टरला एकदा विचारूनच घ्या.

आणि खोके घराबाहेर काढणं का गरजेचं आहे ते ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी लिहितो. बॅग बदलायच्या वेळी पंखा बंद, खिडकी बंद, दार बंद, तोंडाला मास्क, हात साबणाने चोळून धुवायचे आणि कोरडे करायचे, मग पोटातल्या नळीचं टोपण काढून जोडायचं. आधीचं पाणी पोटातून खाली पिशवीत येतं, मग नवीन आत सोडायचं. ते आलेलं पाणी दिव्याखाली धरून बघायचं, पिशवीखाली ठेवलेला पेपर त्यातून वाचता आला तर बरं, गढूळ दिसलं तर थांबायचं नाही, ती पिशवी घेऊन थेट हॉस्पिटल, कारण पोटात इन्फेक्शन झालेलं असू शकतं. हे दिवसातून अनेकदा, रोज, सुट्टी नाही. आणि ज्या खोलीत हे करायचं तिथेच पुठ्ठ्याचे खोके, त्यावरची धूळ, येणारे जाणारे, हे होता कामा नये. घरात आठवड्याचा माल ठेवा, बाकी बाहेर. आम्ही तसंच केलं होतं.

खजिनदार:
खोलीचं तुम्ही ठरवा, मला पैशांचं लिहायचंय कारण मला वेगवेगळे सहा मेल आलेत की मंडळाच्या खात्यातून सरळ छोटूच्या बाबाच्या खात्यात टाका. मी तसं करणार नाही. आपलं मंडळ ही भारताच्या दृष्टीने परदेशी संस्था आहे, तिथे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांचा कायदा लागू होतो. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत वैयक्तिक पाठवावेत, ते विदेशी देणगीत धरत नाहीत. ज्यांनी नागरिकत्व बदललंय त्यांचं तसं नाही, मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी नाही. ठाण्यातल्या ओळखीच्या ट्रस्टमार्फत देऊया असंही एकाने सुचवलंय, पण त्या ट्रस्टची एफसीआरए नोंदणी नाही, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्यांनाही परदेशी देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते आणि ती पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. मला बरा वाटतोय तो मार्ग म्हणजे हॉस्पिटलचं बिल थेट हॉस्पिटलला भरणं. सीएचं उत्तर लेखी आल्यावरच चेक निघेल. उद्या त्या घराला नोटीस आली तर ती आपल्यामुळे यायला नको.

वाघबीळचे आजोबा:
खजिनदारांशी सहमत. पण तिकडून पैसे गोळा करण्याआधी इथलं हक्काचं मिळालंय का ते बघा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि २०२३ च्या निर्णयाने ती सगळ्या रेशनकार्डधारकांना खुली केली, फक्त पिवळ्या-केशरी कार्डाला नाही. हॉस्पिटल त्या योजनेत आहे का आणि छोटूचा उपचार त्यात बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला विचारायचं. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात, कलम ४१ एए. हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करला भेटलं की कागद कुठले लागतात ते कळतं. मी रिटायर माणूस आहे, तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत मी उभा राहतो, बाबाने रजा काढू नये.

सांस्कृतिक समिती:
आजोबा, छान. पण खोलीचं अजून ठरलेलं नाही. आईला विचारलं, शालूंची ट्रंक ती स्वतःकडे ठेवेल, मखर मात्र तिच्या लिफ्टमध्ये मावत नाही.

छोटूचा मामा:
सगळ्यांचे मेल वाचतोय, ताईला पण वाचून दाखवतो. किडनी कोण देणार हे बऱ्याच जणांनी खासगीत विचारलं म्हणून इथेच लिहितो. मी तयार आहे, पण अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यातल्या जवळच्या नातेवाइकांच्या यादीत मामा येत नाही. आई-बाबा, भाऊ-बहीण येतात, आजी-आजोबा २०११ च्या दुरुस्तीत आले. माझ्यासारख्याला ऑथोरायझेशन कमिटीची परवानगी लागते, त्यामुळे आधी ताईच्याच टेस्ट चालू आहेत. रक्तदानासाठी खूप जण पुढे आलात, मनापासून आभार, पण सध्या नको. ट्रान्सप्लांट व्हायचं असलेल्याला रक्त शक्यतो चढवत नाहीत, बाहेरच्या रक्ताविरुद्ध शरीरात अँटीबॉडी तयार झाल्या तर पुढे किडनी जुळणं अवघड होतं. हिमोग्लोबिनसाठी त्याला इंजेक्शनं चालू आहेत.

आणखी एक. भेटायला जाताना शहाळी, केळी, मोसंबी नेऊ नका प्लीज. त्याचं पोटॅशियम वाढलेलं आहे, ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. ते कमी सोडियमचं मीठ मिळतं ना, तेही नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं. परवा कुणीतरी प्रेमाने फळांची करंडी ठेवून गेलं आणि तो दिवसभर तिच्याकडे बघत बसला, ताईला शेवटी ती शेजारी द्यावी लागली.

ऐरोलीची वहिनी:
बटाटा फोडी करून भरपूर पाण्यात भिजवायचा, मग दुसऱ्या पाण्यात उकडायचा आणि ते पाणी फेकायचं, पोटॅशियम बरंच कमी होतं. तरी किती द्यायचा ते डाएटिशियनने सांगावं. मी आठवड्यातून दोनदा डबा द्यायला तयार आहे.

कोपरीची मावशी:
वहिनी, डबा छोटूला नकोच, त्याचं आई मोजून मापून करते आणि त्यात दुसऱ्याने हात घालू नये. डबा त्या आईला आणि आजीला द्या. मी गेले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि ती माऊली चहा-बिस्किटावर होती. पोळी-भाजी, साधी, गरम. आणि सर्दी-खोकला असेल तर डबा दाराबाहेर ठेवून फोन करायचा, आत जायचं नाही.

मखराचं म्हणाल तर आमच्या सोसायटीच्या ऑफिसात ठेवते, सेक्रेटरींशी बोलले, गणपतीपर्यंत चालेल म्हणाले. यादी मी आणि तुमची आई मिळून करू, पगड्या त्यांच्यासमोरच उचलल्या जातील.

नेरूळचे काका:
फळ्या माझ्याकडे आहेत, गाडीत टाकून आणतो. खोके रचताना एक्सपायरीची तारीख बघून लवकरची पुढे ठेवा.

सांस्कृतिक समिती:
ठीक आहे. चावी आई शनिवारी सकाळी दहाला खोलीवरच घेऊन येईल. ओलीच्या भिंतीचा फोटो आधी सिस्टरला पाठवा. ती नको म्हणाली तर आईच्या फ्लॅटमधली आतली खोली आहे, दुसरा मजला, कोरडी.

कोपरीची मावशी:
फोटो पाठवला. उचलायला अजून दोन धडधाकट माणसं हवीत, बाबाला त्या वेळी छोटूजवळ थांबायचंय. घोडबंदरवाल्यांपैकी कोण येतंय?