नागपूरहून कुत्र्याला परदेशी नेलंत का? अनुभव सांगा

आम्ही त्रिमूर्ती नगरात राहतो. नवरा मिहानमधल्या एका आयटी कंपनीत आहे, त्याला आता श्टुटगार्टला पाठवताहेत. दोन-तीन वर्षांसाठी म्हणतात, पण तिकडून कोण किती लवकर परत येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. घरात मुलगी, सासू-सासरे आणि भुऱ्या. भुऱ्या गावठी. अंबाझरीच्या रस्त्यावर पिल्लू असताना सापडला, आता चांगला दांडगा झालाय. उन्हाळ्यात कूलरसमोरची जागा त्याची. बाबांनी खुर्ची तिथे सरकवली तर त्यांच्यावरही गुरगुरतो.

त्याला न्यायचं की नाही यावरून घरात रोज वाजतं. सासूबाई म्हणतात, "राहू द्या आमच्याजवळ, त्याला कुठं जर्मन येते?" मुलगी म्हणते, भुऱ्या नाही तर मीही नाही. शोधलं तर मुंबई-दिल्ली-बंगळूरवाल्यांचेच अनुभव सापडतात, ज्यांच्या दारातून थेट युरोपची विमानं सुटतात. मला आपल्याकडचे हवेत: नागपूरहून पहिला टप्पा कसा गाठला, उन्हाळ्याचं काय केलंत, कागद कुठे अडले. "एजंटला द्या, तो बघतो" एवढंच लिहू नका. ज्यांनी नेलं नाही त्यांनीही लिहा.

बजाज नगर, आता म्युनिक

ताई, तिकिटाचं नंतर बघा, आधी कॅलेंडर काढा. रेबीजच्या बाबतीत युरोपियन युनियनच्या सुरक्षित देशांच्या यादीत भारत नाही. म्हणून आधी मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळखीची बारीक चिप, ती १५ अंकी आयएसओवाली. मग रेबीजची लस. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून टायटर टेस्ट (लशीने पुरेशी प्रतिकारशक्ती आली का ते बघणारी), तीही युरोपने मान्यता दिलेल्या लॅबमध्येच. तिचा आकडा ०.५ आययू प्रति मिलि किंवा त्याहून जास्त यायला हवा. आणि रक्त काढल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. रिपोर्टच्या तारखेपासून नाही, हे लक्षात ठेवा, एजंटसुद्धा यात गोंधळ घालतात. आमच्या राणीच्या लशी दरवर्षी वेळेवर झालेल्या होत्या, पण चिपच्या आधीच्या लशी धरतच नाहीत. पुन्हा टोचली.

म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी चार महिने गेलेच. आमचं बदलीचं पत्र डिसेंबरात आलं. मोजून बघा, सगळं जुळेपर्यंत एप्रिल संपतो. तेव्हा आपल्याकडे पारा ४४ वर असतो आणि विमान कंपन्या होल्डमधून, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या जागेतून, जनावर न्यायला नाही म्हणतात. एसी गाडीतून नेलं तरी विमानतळावरच्या डांबरावर पिंजरा किती वेळ थांबेल ते आपल्या हातात नसतं. नवरा पुढे गेला, मी आणि राणी पाऊस पडेपर्यंत नागपुरातच राहिलो. तुम्हाला फेब्रुवारीत उडायचं असेल तर चिप आणि लस सप्टेंबरातच उरका.

यात आणखी एक गोम आहे. मालक आणि कुत्रा यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं की तो घरचा प्राणी राहत नाही, व्यापारी नियम लागतात. त्यामुळे जो शेवटी जाणार, त्याच्याच नावावर पहिल्यापासून कागद करा. आमच्याकडे सगळं माझ्या नावावर होतं म्हणून निभावलं.

आता क्रेट, म्हणजे प्रवासाचा पिंजरा. कुत्रा आत उभा राहिला पाहिजे, वळला पाहिजे, पसरून झोपला पाहिजे. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी घ्या, त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीची निम्मी मिळवा, ती क्रेटची लांबी. रुंदी खांद्याच्या दुप्पट. उंची कानाच्या टोकापर्यंत, शिवाय खाली पांघरूण किती जाड टाकणार तेवढी. प्लास्टिकच्या खिट्ट्या चालत नाहीत, नट-बोल्ट लागतात. पाण्याची वाटी दाराला बाहेरून भरता येईल अशी हवी. आम्ही क्रेटचं दार काढून तो कूलरच्या झोतात ठेवला आणि जेवण आतच द्यायला लागलो. गावठी कुत्र्याला बंद जागेचा राग असतो, पण कूलरपुढे कुणाचं काय चालतं! मे संपेपर्यंत ती आपणहून आत जाऊन घोरत होती.

मुंबईला समृद्धीने गेलो. पूर्ण रस्ता ५ जून २०२५ ला सुरू झाला, ७०१ किलोमीटर, शिवमडक्यापासून थेट भिवंडीजवळ आमण्यापर्यंत. रात्री निघा. रस्ता सरळ आणि कंटाळवाणा आहे, सावलीची झाडं नाहीत, दिवसा कुत्र्याला खाली उतरवलं तर पाय भाजतात.

सरकारी सर्टिफिकेट देणारी अ‍ॅनिमल क्वारंटाइनची (परदेशी जाणारी-येणारी जनावरं तपासणारी) कचेरी नागपुरात नाही. मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद, बंगळूर, यातली एक धरायची. मुंबईत तिथल्या डॉक्टरांनी राणीच्या मानेवर स्कॅनर फिरवला. काही नाही. पुन्हा फिरवला, तरी काही नाही. माझ्या पोटात गोळा. त्यांनी शांतपणे स्कॅनर खाली आणत आणत डाव्या कोपराजवळ नेला आणि टुंइं! चिप कातडीखालून सरकत जाते म्हणे. तेव्हा नागपूर सोडण्याआधी आपल्या डॉक्टरकडून ती नेमकी कुठे आहे ते बघून घ्या. युरोपसाठीचं सर्टिफिकेट मिळाल्यापासून दहा दिवसांत तिकडे उतरावं लागतं, म्हणून तिकीट आणि कचेरीची तारीख एकत्र बसवा.

इथे आल्यावर महापालिकेत कुत्र्याची नोंद आणि वर्षाचा कुत्रा-कर. पट्ट्याला लावायला बिल्ला मिळतो. पिटबुल, बुल टेरियर अशा काही जाती जर्मनीत आणूच देत नाहीत. गावठीला अडचण नाही, उलट रस्त्यात लोक थांबून जात विचारतात. सासूबाईंना सांगा, राणीला अजूनही मराठीच कळतं. दुपारी आणि रात्री भुंकलं की शेजारी चिठ्ठी लावून जातात, ते मात्र अंगवळणी पाडावं लागलं.

पशुवैद्य, नागपूर

वरच्या ताईंनी बरंच नीट लिहिलंय, मी थोडंच सांगतो. झोपेचं औषध मागायला लोक माझ्याकडे येतात. मी देत नाही. उंचीवर, होल्डमध्ये, गुंगीतल्या कुत्र्याचा रक्तदाब आणि श्वास यांचं काय होईल ते बघायला कुणी नसतं, आणि गुंगीतलं जनावर दिसलं तर एअरलाइनही परत पाठवते. पग, बुलडॉग, शिह त्झू या चपट्या नाकवाल्यांना बऱ्याच कंपन्या होल्डमध्ये घेतच नाहीत. तोंडाने धापा टाकून अंग थंड करणं हीच कुत्र्याची सोय, आणि ती यांच्यात आधीच अधू असते.

टायटर पास झाला की लोक निवांत होतात. बूस्टरची तारीख एक दिवस चुकली तरी युरोपसाठी ती टेस्ट बाद, पुन्हा लस, पुन्हा रक्त, पुन्हा तीन महिने. तारीख सांभाळली तर तीच टेस्ट जन्मभर चालते. आणि जो डॉक्टर लस टोचेल त्याच्याकडून बॅच नंबर, चिप नंबर, सही-शिक्का त्याच दिवशी कागदावर घ्या. महिन्याभराने आलात तर कोणती बाटली होती ते आम्हाला कुठून आठवणार?

प्रताप नगर

पोरी, आमचा मुलगा टोरांटोले राहते. त्याचा लॅब्रॅडॉर आमच्याकडेच वाढला न् मंग त्यानं तो मागितला. कॅनडाले ते रक्ताचं लफडं नाही. घरच्या कुत्र्याले रेबीजच्या लशीचं सर्टिफिकेट पाहतात, तिकडं उतरल्यावर तपासणीची फी घेतात. सप्टेंबर २०२२ पासून आपल्यासारख्या देशातून विकाऊ कुत्रे बंद केले त्यायनं, घरचे चालतात.

मी त्याले रेल्वेनं दिल्लीले नेलं. नियम असा हाय का फर्स्ट एसीचा दोन बर्थचा कूपे पूर्ण आपला असंल तर कुत्रा सोबत. सेकंड, थर्ड एसीत नाही, स्लीपरात नाही. कूपे भेटला नाही तर ब्रेकव्हानमधल्या डॉगबॉक्सात. आता कूपे भेटते का नाही हे चार्ट लागल्यावरच समजते! तोवर बायको देव पाण्यात घालून. नागपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कुत्र्याची पावती फाडा लागते, डॉक्टरचं सर्टिफिकेट न् आपलं तिकीट दाखवून. तिथला बाबू म्हणे, वजन काट्यावर घ्या. आमचा शेरू काट्यावर चढला अन् बसूनच गेला. उतरेच ना. मांगं संत्र्याच्या पेट्या घेऊन हमाल उभे, म्हणे काका, तुमचं पार्सल उचला ना! शेवटी खिशातलं पारले काढलं तवा उतरला. गाडीत मात्र राजावाणी गेला.

दिल्लीची कचेरी कापसहेड्याले हाय. स्टेशनाहून लांब पडते, कुत्रा बसवणारी टॅक्सी आधीच ठरवून ठेवजा.

मनीष नगर, आता रेडिंग

ब्रिटनला विमानाच्या केबिनमधून कुत्रा येत नाही, मॅनिफेस्ट कार्गोनेच, म्हणजे नोंदवलेला माल म्हणूनच, यावा लागतो. तो हीथ्रोच्या अ‍ॅनिमल रिसेप्शन सेंटरमध्ये जातो आणि तुम्ही तासन् तास बाहेर ताटकळता. टायटर आणि तीन महिने युरोपसारखेच, वर पट्टकृमीचं औषध. ते पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत डॉक्टरने स्वतः देऊन वेळ टाकून सही करायची. नागपुरात दिलं आणि फ्लाइट एक दिवस लांबली तर वेळ टळू शकते, म्हणून आम्ही मुंबईत दिलं. व्हॅट वाचवायला स्थलांतराचा टीओआर फॉर्म आधीच भरून ठेवा.

कार्गोचं बिल माणसाच्या तिकिटाच्या कितीतरी पट होतं. आमच्या ओळखीचे एक जण म्हणून पॅरिसला उतरले आणि भाड्याच्या गाडीने कॅलेमधून बोगद्याच्या रेल्वेने आले. स्वस्त पडलं, पण लहान मुलं सोबत असतील तर मी हे सुचवणार नाही.

धंतोली, आता न्यू जर्सी

कुणी अमेरिकेचा विचार करत असेल तर जुने लेख वाचू नका. १ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले. कुत्रा सहा महिन्यांपेक्षा मोठा हवा, सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा फॉर्म हवा, आणि भारत जास्त धोक्याच्या यादीत असल्याने भारतात लस घेतलेल्या कुत्र्याला नोंदणीकृत केंद्रात आधी जागा राखून ठेवावी लागते. तिथे तपासणी आणि पुन्हा लस. मान्य लॅबची टायटर नसेल तर २८ दिवस तिथेच. अशी केंद्रं मोजक्या विमानतळांवर आहेत. घर न्यूअर्कपासून जवळ, पण कुत्र्यापायी न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाचं तिकीट काढलं.

सक्करदरा

आम्ही नेलं नाही. मेलबर्नला बहीण आहे, तिच्याजवळ जायचं ठरलं तेव्हा कळलं की भारतातून ऑस्ट्रेलियाला कुत्रा थेट जातच नाही. आधी त्यांना मान्य असलेल्या तिसऱ्या देशात महिनोन् महिने ठेवा, मग मिकलहॅमच्या केंद्रात क्वारंटाइन. आमची जिमी तेव्हाच म्हातारी, एका डोळ्याने अंधुक. तिला कुठल्या तरी देशात अनोळखी माणसांकडे ठेवायचं, का तर आम्हाला ती हवी म्हणून? आईकडे साकोलीला ठेवली. मोठं अंगण, चिकूचं झाड, आणि आईच्या मागे मागे फिरायचं काम.

लोक म्हणतात, "सोडून गेलात." ऐकायला त्रास होतो, पण मी अजूनही त्याच मताची आहे. तरुण, धडधाकट कुत्रा आणि घ्यायला तयार असलेला देश, दोन्ही असतील तर न्या. आई मध्यंतरी व्हिडिओ कॉलवर जिमीला दाखवायची, तिला माझा आवाज आला की ती मोबाइलकडे नाही, फाटकाकडे बघायची. मग मी आईला म्हटलं, आता फक्त तिचे फोटो पाठव.

धागा काढणारी

सगळ्यांचे आभार. काका, तुमचं पारले घरात वाचून दाखवलं, सासरे पोट धरून हसले. चिपसाठी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. नवऱ्याची तारीख जानेवारीची, म्हणजे तो पुढे आणि भुऱ्या माझ्यासोबत, कागद माझ्या नावावर. एकच प्रश्न उरला. एक एजंट "सगळं मिळून अमुक" म्हणतोय, पण त्यात काय काय येतं ते लिहून द्यायला तयार नाही.

बजाज नगर, आता म्युनिक

लिहून देत नसेल तर सोडा त्याला. क्रेट, टायटरचं कुरिअर, सर्टिफिकेट, मुंबईतला मुक्काम, कार्गोचं भाडं, तिकडची हाताळणी, या सहा ओळी वेगवेगळ्या मागा. आम्हाला एकाने कार्गोचं भाडं कुत्र्याच्या वजनावर सांगितलं होतं, पण ते क्रेटच्या आकारमानावर लागतं आणि तिथेच आकडा फुगतो. भुऱ्याची मापं घेऊन मला पाठवा, क्रेट कितीचा लागेल ते सांगते.